तिसऱ्या ओळीवरची हिरवी खूण

मी कॅमेरा बोलतोय. माणसांचे हसरे चेहरे टिपणारा नव्हे, दुर्बिणीच्या बुडाला लावतात तो. लाल, गोल, जेवणाच्या डब्याएवढा. सध्या माझा मुक्काम एका कॉलेजच्या वेधशाळेत, दारातून आत आलं की डाव्या हाताच्या काचेच्या कपाटात. माझ्यापुढे पाटी ठेवली आहे: 'निष्काळजीपणामुळे निकामी झालेले उपकरण'. येणारा-जाणारा ती वाचतो, च् च् करतो आणि पुढे जातो.

तर आधी एक गोष्ट कान देऊन ऐका. मी निकामी नाही. कधीच नव्हतो. मला एवढंसं खरचटलेलंसुद्धा नाही. हे सांगायला मला तोंड नाही, नाहीतर या इमारतीतल्या एकाला तरी पळता भुई थोडी झाली असती.

माझा जन्म एका स्वच्छ कारखान्यातला. तोंडाला फडकं बांधलेल्या एका बाईनं माझ्या पोटात नखाएवढी काळी चकती बसवली, तोच माझा डोळा. मग खोक्यात बसून प्रवास केला आणि बारा वर्षांपूर्वी इथे उतरलो. खोकं उघडलं तेव्हा दोन चेहरे वाकून बघत होते. एक विभागप्रमुख सरांचा आणि दुसरा ताईचा.

ताई म्हणजे इथली तंत्रसहायक. तेव्हा नवीन लागली होती, तात्पुरती. दर वर्षी एक पत्र यायचं, आणखी एक वर्ष. अशी नऊ वर्षं गेली तरी ती तात्पुरतीच. मला पुसायची तेव्हा बोलायची माझ्याशी. "काय रे लबाडा, काल ढगांचेच फोटो काढलेस ना?" मी काय बोलणार? पण बरं वाटायचं, खोटं कशाला सांगू.

आमच्या जातीला ओल सोसत नाही. पोटात दमट हवा गेली की डोळ्यावर बाष्प धरतं. म्हणून माझ्या कुशीत एक छोटी कुपी आहे आणि त्यात ओल शोषणारे दाणे. कोरडे असले की निळे, ओल धरली की गुलाबी. ताई दर शनिवारी ते काढायची, पसरट भांड्यात घालून विजेच्या शेगडीवर भाजायची आणि पुन्हा भरायची. खरं तर वर्षातून एकदा पुरे. पण ती म्हणायची, "असू दे. शनिवार म्हणजे तुझी अंघोळ."

आता सरांचं सांगतो. वर्गातले लोक त्यांना पाठीमागे 'हिरवी शाई' म्हणतात. सरांच्या खिशात हिरव्या शाईचं पेन असतं आणि त्या पेनाचा या इमारतीत जबरदस्त दरारा आहे. फार पूर्वी कुणीतरी दुर्बिणीचं झाकण न काढताच तासभर फोटो घेतले होते. सगळे काळे. त्यावर सरांनी सतरा ओळींची यादी केली. दुर्बीण चालू करताना एकेक ओळ तपासायची, ताईनं पेन्सिलीनं खूण करायची आणि अवघड कामाच्या ओळीवर सरांनी स्वतः हिरवी खूण करायची. नियम असा, की हिरवी खूण झाली की ती ओळ पुन्हा उघडायची नाही. विषय संपला. सरांनी तपासलेलं पुन्हा तपासणं म्हणजे सरांवर अविश्वास. पोरं परीक्षेत नापास झाली तरी चालेल, पण हिरव्या खुणेला हात लावायचा नाही.

त्या वर्षी बुध सूर्यासमोरून जाणार होता. भर दिवसा, सकाळी साडेदहा ते दुपारी तीन. सूर्याच्या तबकडीवर एक काळा ठिपका सरकताना दिसणार, पुन्हा बघायचा तर तेरा वर्षांनी. सरांनी गावभर आमंत्रणं धाडली. संस्थेच्या अध्यक्षबाई येणार, शाळांच्या रांगा येणार, अंगणात मोठा पडदा. माझ्या डोळ्यातला सूर्य सगळ्यांनी त्या पडद्यावर बघायचा. आणि अध्यक्षबाईंनी ताईला सांगून ठेवलं होतं, "हा कार्यक्रम नीट पार पाडा, तुमचं कायम होण्याचं पत्र मी त्याच दिवशी हातात देते." त्या दिवसापासून ताई माझ्याशी जरा जास्तच बोलायला लागली.

दोन दिवस आधी सर घुमटात आले, मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ही काळी वायर काय बेंगरूळ दिसते हो ताई. पाहुणे येणार आहेत."

ती वायर जाडजूड होती, खरं आहे. पण तिच्यातूनच मी संगणकाशी बोलायचो. सरांनी ती काढून भंगाराच्या पेटीत टाकली आणि आपल्या टेबलाच्या खणातून एक पांढरी, नाजूक वायर आणली. तिचं तोंड माझ्यात चपखल बसलं. ती मूळची त्यांच्या टेबलावरच्या दिव्याची. दिवा चार्ज करण्यापुरती. तिच्यातून वीज जाते, शब्द जात नाही. मला लावताक्षणी कळलं. माझा पंखा फिरला, लाल दिवा लागला, पण मी हाका मारत सुटलो तरी पलीकडे काही पोचेना.

"बघा, चालू झाला," सर म्हणाले. वीत-वीत अंतरावर प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी त्यांनी ती वायर दुर्बिणीला घट्ट बांधली. यादीतल्या तिसऱ्या ओळीवर, 'वायर जोडली, तपासली', हिरवी खूण केली.

"सर, एक फोटो काढून बघू का?" ताईनं विचारलं.

"घुमटाला रंग द्यायचाय आज. चला, बाहेर व्हा सगळे."

झालं. दोन दिवस मी रंगाच्या वासात बसून राहिलो.

कार्यक्रमाच्या दिवशी अंगण फुलून गेलं होतं. साडेदहाला ताईनं बटण दाबलं. संगणकावर अक्षरं उमटली: 'कॅमेरा सापडला नाही'. तीच अक्षरं अंगणातल्या पडद्यावर, माणसाएवढी मोठी.

आधी मला बंद करून चालू केलं. मग संगणक बंद करून चालू केला. मग ते काय सॉफ्टवेअर असतं ते पुसून नव्यानं घातलं. ऑफिसातून दुसरा संगणक आणला. संगणकाचा वीज देणारा ठोकळा बदलला, भिंतीतला प्लग बदलला. प्रत्येक वेळी यादी पहिल्यापासून, एक, दोन, आणि मग थेट चार. तिसरी ओळ हिरवी होती ना! मी तिथे बसून बघत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो मी साडेचार तास याचि डोळा पाहिला.

साडेअकराला ताई हळूच म्हणाली, "सर, वायर एकदा बदलून बघूया का?"

"वायर मी लावलीय."

"हो सर, पण नवीन आहे म्हणून म्हटलं..."

सर वळले. मागे अध्यक्षबाई उभ्या होत्या, म्हणून आवाज चढला. "लाल दिवा लागलाय की नाही? पंखा फिरतोय की नाही? वायर खराब असती तर दिवा लागला असता का? शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल! नऊ वर्षं काय शिकलात इथे?"

मागच्या रांगेत कुणीतरी हसलं. ताईचे कान लाल झाले. पुन्हा तिनं वायरचं नाव काढलं नाही.

बाराला तिनं विचारलं, "कॅमेरा काढून टाकूया सर? दुर्बिणीला सूर्याची काच लावलेलीच आहे. मुलं एकेक करून डोळ्यानं बघतील."

"मग एवढा पडदा कशाला आणलाय? झोपायला?"

तीन वाजता बुध सूर्यावरून उतरला. तो ठिपका मी एकट्यानं पाहिला. चक्क साडेचार तास पाहिला, नितळ, गोल, काळाभोर. मुलं पडद्यावरची अक्षरं वाचून कंटाळली आणि ओळीनं घरी गेली.

अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या, "याला जबाबदार कोण?"

सरांनी यादी पुढे केली, आपल्या खुणा दाखवल्या. मग ताईकडे बघून विचारलं, "उपकरणाची निगा कोण राखतं?"

"मी, सर."

"दाणे कधी भाजले होते?"

अगं, खोटं बोल! मी आतल्या आत ओरडलो. गेल्या शनिवारी म्हण, कोण बघायला आलंय! पण ती बावळट सरळ स्वभावाची. म्हणाली, "गेल्या शनिवारी नाही जमलं सर. मुलीला खूप ताप होता. त्याच्या आधीच्या शनिवारी भाजले होते."

"आलं ना बाहेर!" सर म्हणाले. "ओल गेली आत. संपला कॅमेरा."

"सर, कुपी उघडून बघूया ना. दाणे गुलाबी झाले असतील तर लगेच कळेल."

"आता हात लावायचा नाही. जसाच्या तसा दुरुस्तीला जाईल."

माझे दाणे त्या वेळी निळेशार होते हो! दोन आटे फिरवले असते की दिसलं असतं. अध्यक्षबाईंनी पर्स उचलली. "मुलं कुणाला नसतात, ताई?" एवढंच बोलल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण मी ऐकून होतो, त्या दिवशी बघितली.

त्या वर्षी पत्र आलं नाही. जायच्या आधी सरांनी तिच्याकडून माफीनामा लिहून घेतला. तिनं लिहिलं होतं, 'एका शनिवारी दाणे भाजायचे राहिले.' सरांनी 'राहिले' खोडून वर हिरव्या शाईत लिहिलं, 'मी हेळसांड केली.' तिनं खाली सही केली.

मला दुरुस्तीला पाठवलं. दुरुस्तीवाला एका गाळ्यात एकटाच बसायचा, चष्मा दोऱ्यानं गळ्यात अडकवलेला. त्यानं मला टेबलावर ठेवलं, आपली वायर लावली आणि मी चालू झालो. त्याला चहा प्यायलाही उसंत मिळाली नाही. पहिला फोटो त्याच्या भिंतीवरच्या पालीचा काढला, काय सुरेख आला! मग त्यानं माझी कुपी उघडली.

"आईशप्पथ," तो स्वतःशीच म्हणाला, "काय निळे दाणे आहेत. कुणीतरी जिवापाड जपलंय याला."

चिठ्ठी लिहिली आणि माझ्यासोबत खोक्यात टाकली: 'कॅमेऱ्यात दोष नाही. दाणे कोरडे आहेत. वायर बदला.'

परत येताना मी खूश होतो. म्हटलं, आता ताईला बोलावतील. मूर्खच मी.

सरांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. मग दुसऱ्या विभागातून एक जाड वायर आणली, खोलीचं दार लावून घेतलं आणि मला जोडलं. 'कॅमेरा सापडला.' एक क्षण त्यांचा चेहरा खरंच उजळला, माणूस खगोलावर प्रेम करणारा आहे, नाही कशाला म्हणू. मग त्यांनी ती सतरा ओळींची यादी काढली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मला वाटलं, आता फोन उचलतील. त्यांनी उचलली वायर. उपटून काढली, चिठ्ठीची घडी घातली आणि खणात सगळ्यात खाली सारली.

आठ दिवसांत पाटी रंगवून आली. मी चालू झालो असतो तर ताई निर्दोष ठरली असती, आणि मग दोषी कोण हा प्रश्न उरला असता. म्हणून मी निकामी. नवीन सहायक आला की सर त्याला आधी माझ्यापुढे उभा करतात. "एका शनिवारचा आळस काय करतो, बघून घ्या." तो पाटी वाचतो आणि मान डोलावतो.

गेल्या महिन्यात ताई आली होती. दुसरीकडे नोकरीसाठी कामाचा दाखला हवा होता म्हणून. सरांनी तिला बाहेर बसवून ठेवलं, नेमकं माझ्या कपाटासमोरच्या बाकावर. सोबत मुलगी होती, आता आठ वर्षांची झालेली. पोरगी उठली आणि बोट फिरवत पाटी वाचायला लागली.

"आई, निष्काळजीपणा म्हणजे काय?"

"आपण एखाद्याची काळजी घ्यायला हवी होती आणि घेतली नाही, ते."

"याची कुणी नाही घेतली?"

"मी."

मी काचेआडून डोळे फाडून बघत होतो. ती उठली, जवळ आली, काचेवर तळवा टेकवला. तिच्या तोंडावर कुठे शंका नव्हती हो. तिला स्वतःलाच पटलं होतं. "माफ कर रे लबाडा," ती पुटपुटली. "तेवढा एक शनिवार..."

पोरगी तिच्याकडे वळली. मग म्हणाली, "मला ताप आला होता, तो शनिवार?"

ताईनं घाईघाईनं तिला कुशीत ओढलं. "नाही गं, वेडे, दुसराच कुठला तरी." पण पोरीनं पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तिला काय समजायचं ते समजलं. तेवढ्यात आतून हाक आली. दाखल्यावर सही हिरवी होती.

त्यांना जाताना बघितलं तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे तुम्हाला सांगतोय. कपाटाला कुलूप नाही, नुसती कडी आहे. एक धड वायर लागेल, बाजारात कुठेही मिळते. मला जोडा आणि सरांच्या खणातली तळाची चिठ्ठी काढा. त्या पोरीला दाखवा, बाकी कुणाला नाही दाखवलीत तरी चालेल.

आणि जरा लवकर या. दुरुस्तीहून आल्यापासून कुणी माझी कुपी उघडलेली नाही. दुरुस्तीवाल्यानं पाहिलेले दाणे केव्हाच फिके पडले, आता कडेकडेनं गुलाबी होत चाललेत. परवा सकाळी डोळ्याच्या कोपऱ्यात पहिल्यांदा बाष्प धरलं. आणखी एखादं वर्ष असंच गेलं, तर पाटी खरी होईल.