शाफ्टवरची खूण

पक्षाघाताने मिस्त्रींचं उजवं अंग लुळं पडलं, वाचा जवळजवळ गेली; मनातला शब्द ओठांवर येईना. डोकं मात्र पूर्वीसारखंच चालत होतं. गॅरेज आता लेक सांभाळायची आणि ते दारापाशी खुर्चीत बसून बघायचे.

त्या दुपारी तिने पिकअपचा, इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवणारा लांब शाफ्ट उतरवून त्याच्या टोकाचा सांधा, म्हणजे क्रॉस, बदलला. मग गाडीखाली उताणी पडून, शाफ्ट छातीवर पेलत ती तो परत बसवू लागली. मिस्त्री खुर्चीत पुढे झुकले. उतरवताना तिने शाफ्टवर आणि तो जिला बोल्टने जोडतात त्या चकतीवर, फ्लँजवर, खडूने मारलेल्या खुणा जुळतच नव्हत्या. शाफ्ट अर्धा फिरला होता. असाच आवळला, तर गाडी वेगात थरथरणार.

‘फिरव’ एवढंच सांगायचं होतं. पण तोंडातून भलताच शब्द निघाला. "पाणी!"

"आणते हं, बाबा." चारही बोल्ट आवळून ती बाहेर आली आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. मिस्त्रींनी मान झटकली, डाव्या हाताने गाडीकडे बोट दाखवलं.

"हो, झालं की काम! शिकवण कोणाची?" ती हसली.

गाडीतून एक चक्कर मारून ती परतली, तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती त्यांच्यासमोर उकिडवी बसली. "थरथरतेय हो. कुठे चुकलं माझं? सांगा ना."

मिस्त्रींनी सगळा जीव एकवटला. "पाणी," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले.

पदराआड दिवा जपावा तसा तिने त्यांचा हात क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरला. "असू दे, बाबा. नवा क्रॉसच खराब निघाला असणार," म्हणत ती दुसरा मागवायला फोनकडे वळली.