दुसरा नंबर

चौपन्न सालची गोष्ट. पुलगावच्या गोल्फ मैदानावर गुणवंत दरवर्षी शेषरावच्या मागे दुसराच यायचा. आता शेषराव पैसे घेऊन खेळायला कलकत्त्याला निघाला होता, त्यामुळे हौशी खेळाडूंच्या स्पर्धेतून तो नियमाने बाद झाला.

"आता कप तुह्याच घरी येते, गड्या! पेढे धाडजो मले," तो हसून म्हणाला.

गुणवंतच्या अंगाचा तिळपापड झाला. हा उष्टा कप घेऊन करायचं काय? लोक म्हणणार, शेषराव नव्हता म्हणून जिंकला.

"गाडीले टाइम हाये ना? मंग एक डाव खेळून जा."

शेषराव खेळला, जिंकला आणि "बरा खेळतं बे आता," म्हणत पाठ थोपटून निघून गेला.

त्या वर्षी गुणवंतने स्पर्धेत नावच दिलं नाही.