दुसऱ्या नाचाचं गाणं

बँडवाल्या रुझारनं वही गुडघ्यावर उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि विचारलं, "तर मग, नवरा-नवरी हॉलमध्ये शिरताना काय वाजवू?"

विचारलं ते एतेल्विनाकडं बघून. गेली तेवीस वर्षं या घरात काही विचारायचं झालं की सगळं कुडतरी गाव तिच्याकडंच बघत आलं होतं. पाववाला असो, चॅपेलच्या फेस्ताची वर्गणी मागणारे असोत, नाहीतर जोवेनाच्या शाळेतली सिस्टर असो. उत्तर मात्र आलं ते सोफ्यावरून.

"मी यादी केलीय," इर्मिंदा म्हणाली आणि तिनं फोन पुढं केला. पाठोपाठ तिचा सेंटही पुढं आला.

एतेल्विना चहाचे कप गोळा करू लागली. दोन कपांत अजून चहा होता.

इर्मिंदा तिची धाकटी बहीण. नवरा गेला तेव्हा जोवेना तीन वर्षांची होती. पोर थोरल्या बहिणीच्या मांडीवर ठेवून इर्मिंदा कुवेतला एका घरी कामाला गेली, ती कायमची परतली आत्ता, तीन महिन्यांपूर्वी, मुलीचं लग्न ठरल्यावर. मधल्या काळात दर दोन वर्षांनी एक महिना यायची, चॉकलेटं आणि चादरी वाटायची आणि पुन्हा जायची. गोवर, गणित, दहावी, पहिली पाळी, पहिलं प्रेम आणि त्यानंतरचं दोन दिवसांचं उपाशी राहणं हे सगळं एतेल्विनानं एकटीनं निस्तरलं. चिंचोण्याच्या एका आगबोटीवरच्या कुकाचं स्थळ तिला आलं होतं, तेही त्या गोवरातच वाहून गेलं. आणि आता मुंग्यांनी वारूळ बांधून झाल्यावर नागोबा आला होता. सेंट लावून.

हे ती कुणाला बोलली नव्हती. बोलण्यासारखं नव्हतंच. पैसे तर इर्मिंदानंच पाठवले होते ना? घराची कौलं, जोवेनाची फी, एतेल्विनाच्या दातांची कवळीसुद्धा. आपल्या बहिणीचा मत्सर करताना आपण तिच्याच दातांनी ओठ चावतो, हे एतेल्विनाला कळत होतं. त्यानं मत्सर कमी होत नव्हता. उलट दुखत होता जास्त.

"शिरताना हे," इर्मिंदा सांगत होती, "मग टोस्ट, मग केक. पहिला नाच जोडप्याचा, त्याचं गाणं जावयानं, एल्स्टननं निवडलंय. दुसरा नाच..."

"दुसरा नाच आई-बापांचा," रुझार म्हणाला. "नवरा आपल्या आईबरोबर, नवरी बापाबरोबर. इथं जोझे नाही, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, म्हणजे नवरी आईबरोबर."

"हो. त्याला हे घाला." तिनं फोनवर एक इंग्रजी गाणं लावलं. इतकं संथ, की त्यात नाचायचं काही नव्हतंच. एका जागी उभं राहून डोलायचं, बस.

"छान आहे, मम्मा," जोवेना म्हणाली. ती इर्मिंदाच्या खांद्याला टेकून बसली होती. मम्मा हा शब्द हल्ली या घरात दिवसातून चाळीस वेळा ऐकू यायचा. एतेल्विनानं एकदा मोजला होता.

"हे कसलं गाणं?" ती स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "याच्यावर म्हशीसुद्धा नाचतील."

"तीया!" जोवेना हसली. या मुलीनं तिला मावशी असं कधी म्हटलं नव्हतं, लहानपणापासून तीयाच.

"म्हशींना आमंत्रण नाही, ताई," इर्मिंदा म्हणाली. तीही हसली, पण फोन मात्र तिनं छातीशी धरला.

रुझारनं गाणं लिहून घेतलं. मग पान उलटून म्हणाला, "आता माइकवाल्यासाठी नावं. तो एकेकाला पुकारून आत घेणार. नवरीची आई, झालं. माद्रीन कोण?"

"मडगावची लुर्दिना," जोवेनानं सांगितलं. बाप्तिस्म्याला मांडीवर घेतलं, त्यानंतर या धर्ममातेनं, माद्रीनबाईनं, पोरीला दोनदा पाहिलं होतं. एकदा मयतात.

"लुर्दिना. लिहिलं. आणि एतेल्विना, तुला कुठल्या रकान्यात घालू?"

पेन्सिल हवेत थांबली. बिचाऱ्यानं वाईट मनानं विचारलं नव्हतं. त्याच्या वहीत तेवढेच रकाने होते.

"मला होय? मला स्वयंपाकघरात घाल," एतेल्विना म्हणाली आणि कप विसळायला गेली.

*

रविवारी चर्चची मिसा सुटल्यावर तिनं रुझारला इगर्जीच्या पायऱ्यांवर गाठलं.

"दुसऱ्या नाचाचं गाणं बदललंय," ती म्हणाली. "तुझ्या बापाचा वॉल्ट्झ वाजव."

रुझारचे डोळे लकाकले. त्याच्या बापानं, मेस्त पेद्रूनं, रचलेला तो वॉल्ट्झ कुडतरीबाहेर कुणी वाजवत नव्हतं. वाजवणं सोपं नव्हतं आणि नाचणं तर त्याहून नाही. तो सुरू व्हायचा बदकासारखा आणि मध्येच घारीसारखी गिरकी घ्यायचा. नाचणाऱ्याला ती जागा ठाऊक नसेल तर तो शेजारच्या टेबलावर जाऊन पडायचा. पडलेही होते लोक.

एतेल्विनाला ती जागा ठाऊक होती. जोवेनाला ठाऊक होती. चार वर्षांच्या जोवेनाला आपल्या पायांवर उभं करून, चुलीवर कढी उकळत असताना, तिनं शेकडो संध्याकाळी त्याच वॉल्ट्झवर स्वयंपाकघरभर फिरवलं होतं. वाजवायला कुणी नसायचं. ती तोंडानंच वाजवायची.

"इर्मिंदाला झेपेल का तो?" रुझारनं विचारलं.

"न झेपायला काय झालं? तिच्या घरचं लग्न आहे."

तिच्या मनातला हिशेब तिनं स्वतःलासुद्धा अर्धाच सांगितला होता. त्यांच्या गावात कुठं लिहून ठेवलेलं नव्हतं, पण आई दुसऱ्या नाचाला उभी राहू शकली नाही, तर नवरी एकटी कशी राहील? घरातल्या दुसऱ्या थोरल्या बाईचा हात धरून ती तिला उठवते. पाय सुजलेत, गुडघे दुखतात, दुखवटा आहे, काही का कारण असेना. वॉल्ट्झ सुरू होईल. इर्मिंदा गडबडेल, खाली बसेल. आणि पाचशे माणसांसमोर जोवेना वळेल. कुणाकडं वळेल, हे पुकारायला माइकवाला लागणार नव्हता.

इतकंच हवं होतं तिला. गाणं संपेपर्यंत, चार-पाच मिनिटं. तेवीस वर्षांच्या बदल्यात फार झालं का?

पायऱ्या उतरताना मागं वळून इगर्जीतल्या सायबिणीकडं, मेरीमातेकडं, बघायचं मात्र तिनं त्या दिवशी टाळलं.

*

मंगळवारी दुपारी, जेवणं होऊन सगळी वाडी आडवी झालेली असताना, इर्मिंदा स्वयंपाकघरात आली. अनवाणी. आज सेंट नव्हता.

"ताई, झोपलीस?"

"उभ्यानं झोपत नाही मी." एतेल्विना दोदोल मिठाईसाठी माडाचा गूळ चिरत होती.

"रुझारचा फोन आला होता. दुसऱ्या नाचाला वॉल्ट्झ ठरलाय म्हणे."

विळी थांबली. आता आलं, एतेल्विनाला वाटलं. ती भांडणाला तयार होती. खरं तर तीन महिने त्याचीच वाट बघत होती.

"जोवेनानंच बदललं असणार," इर्मिंदा म्हणाली. "तिला तोच हवा असणार. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नाही." ती स्टुलावर बसली. "मला नाचता येत नाही, ताई."

"काय?"

"येत नाही. तुला आठवत नाही का, आपल्या घरातून नाचायला तू जायचीस. मी आईचं अंग चेपत बसायचे. मग लग्न झालं, तर जोझे दोन डाव्या पायांचा. मग तिकडं. ते डोलायचं गाणं मी शोधून शोधून काढलं होतं. नुसतं उभं राहिलं तरी चालतं त्यात." तिनं स्वतःच्या पायांकडं बघितलं. "तू मला शिकव. शनिवारपर्यंत."

एतेल्विनाला आधी आनंद झाला, हे इथं सांगायलाच हवं. अगदी गूळ खाल्ल्यासारखा. मग तिनं हात पुसले, स्टूल बाजूला सारलं आणि म्हणाली, "ऊठ."

इर्मिंदाचा हात खरखरीत होता. त्या सेंटाखाली असा हात असेल असं तिला वाटलं नव्हतं. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. इर्मिंदा ओझं वाहून नेल्यासारखी चालत होती, खांदे ताठ, नजर जमिनीवर. गिरकीची जागा आली, तेव्हा एतेल्विनानं तिला डावीकडं वळवलं.

जोवेना उजवीकडं वळते. तिनंच शिकवलं होतं तसं.

"असं?" इर्मिंदानं विचारलं.

"असंच."

पाच वेळा, दहा वेळा. इर्मिंदा प्रत्येक वेळी इमानानं डावीकडं वळत होती. घाम तिच्या कानामागून उतरत होता. मध्येच ती धापा टाकत म्हणाली, "तिकडच्या बाईच्या मुलीच्या वाढदिवसाला नाच असायचा. दरवर्षी. मी ट्रे धरून उभी. त्या मुलीला मी मोठं केलं, ताई. तिची वेणी मी घालायचे. आणि शुक्रवारी फोन केला की जोवेना सांगायची, आज तीयानं मला पायांवर उभं करून नाचवलं. मी म्हणायचे, वा, शहाणं माझं बाळ. आणि फोन ठेवला की तुला शिव्या द्यायचे."

"मला?"

"खूप."

"कोंकणीत की अरबीत?"

"दोन्हींत. कोंकणी पुरायची नाही."

एतेल्विनाला हसू आलं, आणि हसू आल्याचा रागही आला. ही शिव्या देत होती. आपण इथं पोरीचं नाक पुसत होतो आणि ही तिकडं त्या नाकाचा हेवा करत होती.

"ती चालते तुझ्यासारखी," इर्मिंदा म्हणाली. "शिंकते तुझ्यासारखी. परवा मासे आणायला गेलो, तर तिनं पापलेटाचे कल्ले उघडून बघितले आणि कोळणीला जे बोलली ना, माझ्या अंगावर काटा आला. तूच उभी आहेस असं वाटलं. माझं काय आहे तिच्यात? डोळे, म्हणतात. डोळे काय, कुणीही देतं."

"पुन्हा घे," एतेल्विना म्हणाली.

एक-दोन-तीन. गिरकीची जागा आली. इर्मिंदानं डावीकडं खांदा टाकला.

"थांब." एतेल्विनानं तिचा हात घट्ट धरला. "उजवीकडं वळायचं."

"आत्तापर्यंत डावीकडं वळत होतो की."

"मी चुकीचं शिकवत होते."

इर्मिंदानं तिच्याकडं बघितलं. "मुद्दाम?"

"मुद्दाम. आणि गाणंही मीच बदललं. जोवेनाला ठाऊकसुद्धा नाही."

फळीवरच्या बरणीत मुंग्या शिरत होत्या, त्या दोघींनी बघितल्या आणि दोघींनीही काढल्या नाहीत.

"सांगते रुझारला," शेवटी एतेल्विना म्हणाली. "ते तुझं म्हशीचं गाणं पुन्हा घालू दे."

"काही नको." इर्मिंदानं पदरासारखी ओढणी कमरेला खोचली. "इतका घाम काय फुकट गाळला? उजवीकडं म्हणालीस ना? दाखव."

आणि तिनं दाखवलं. शनिवारपर्यंत रोज दुपारी दाखवलं, एकही दिवस मनापासून नाही.

*

शनिवारी हॉलमध्ये माइकवाल्यानं सगळ्यांना पुकारलं. नवरीची आई, माद्रीन लुर्दिना, नवऱ्याकडचे झाडून सगळे. एतेल्विना सातव्या टेबलावर जाऊन बसली, बँडच्या अगदी समोर. ही जागा तिला कुणी दिली नव्हती. तिनं घेतली होती.

दुसरा नाच आला. रुझारनं व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. पहिले सूर निघाले, तशी जोवेना दचकली, तिनं मान गर्रकन वळवून टेबलांमधून कुणालातरी शोधलं. एतेल्विनानं ते बघितलं. तिनं हात जरासा जरी वर केला असता, तर... पण इर्मिंदा तोवर पुढं आली होती. निळ्या गाऊनात, ओठ घट्ट मिटून, परीक्षेला बसल्यासारखी.

दोघी नाचू लागल्या. इर्मिंदाचे ओठ हलत होते, एक-दोन-तीन. गिरकी आली. उजवीकडं. जरा उशिरा, जोवेनाच्या पायावर पाय देऊन, पण उजवीकडं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोवेना मोठ्यानं हसली आणि तिनं आईच्या मानेत तोंड खुपसलं.

एतेल्विनाच्या छातीत कुणी कोळसा ठेवल्यासारखं झालं. शिकवायलाच नको होतं, तिला वाटलं. निदान इतकं बरं तरी नको.

वॉल्ट्झ संपत आला, तसा रुझार तिच्याकडं बघू लागला. संपवू की पुन्हा घेऊ? भुवया उडवून त्यानं विचारलं. इतक्या माणसांत त्यानं तिलाच विचारलं. एतेल्विनानं क्षणभर त्याला टांगून ठेवलं. मग एक बोट वर केलं. आणखी एकदा. आणि केल्या केल्या तिला पस्तावा झाला, पण सूर निघून गेले होते.

दुसऱ्या फेरीत इर्मिंदा चुकली नाही.

नाच थांबला तेव्हा जोवेना घामाघूम होऊन, झगा दोन्ही हातांनी उचलून, सरळ सातव्या टेबलाकडं आली. एतेल्विना अर्धवट उठली. पण पोरीनं तिच्याकडं बघितलंही नाही. तिनं एतेल्विनाच्या समोरचा पाण्याचा ग्लास उचलला, न विचारता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली, ओठांची लाली काठावर ठेवून ग्लास परत केला आणि "तीया, माझी पिन बघ, सुटतेय," म्हणून पाठ पुढं केली. एतेल्विनानं पिन लावली. पोर गेली पळत नवऱ्याकडं.

मोकळ्या झालेल्या नाचाच्या जागेत इर्मिंदा एकटीच उभी होती. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक तिचं कौतुक करत होते, पण तिचं लक्ष नव्हतं. ती त्या ग्लासाकडं बघत होती. कसं बघत होती, ते एतेल्विनाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

तिला गंमत वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. मग तिनं पायानं शेजारची खुर्ची बाहेर ढकलली.

"ये," ती म्हणाली. "बस. सँडल काढ आधी, टाचा बघ कशा लाल झाल्यात. आणि एवढी फुगू नकोस, दुसऱ्या फेरीत खांदे पुन्हा ताठ धरले होतेस."

"चुकले तर नाही ना?" इर्मिंदा खुर्चीवर आदळत म्हणाली.

"नाही," एतेल्विना म्हणाली. हा शब्द तिला जड गेला. "चुकली नाहीस."