विषाची पाटी

गोदामाच्या शटरवर कवटीचं चित्र काढलेली पाटी लटकत होती. 'विषारी औषध. आत जाऊ नये.' मारोतरावांना ती पाटी नवीन नव्हती. गेल्या उन्हाळ्यात पाहिली होती, त्याआधी संक्रांतीच्या सुमारासही पाहिली होती. बँकेची ऑडिट कमिटी माल पाहायला आली, की पाटी लागलेलीच असायची.

शेलूबाजारच्या त्या छोट्या सहकारी बँकेत लोक गोदामातलं सोयाबीन तारण ठेवून कर्ज उचलत. बँकेचा निम्म्याहून जास्त पैसा या एका गोदामाच्या भरवशावर बाहेर गेलेला. माल खरंच आत आहे, हे डोळ्यांनी पाहायचं आणि मगच वर्षाच्या हिशेबावर सही करायची, हे कमिटीचं काम. मारोतराव कमिटीचे प्रमुख. त्यांना तिथं बसवलं चेअरमन दौलतरावांनी, आणि दौलतराव म्हणजे त्यांचे व्याही. लेक निकिता किन्हीराजा गावी त्यांच्याच घरात दिलेली. "तपासणीले घरचा मानूस असला म्हंजे बरं असते," असं दौलतराव भर सभेत म्हणाले होते आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. मारोतरावांनाही नाही.

आज सोबत कमिटीचे रतनसिंग होते, पोहरादेवीकडच्या तांड्यातले. त्यांच्या एका शब्दावर तांड्यानं ऊसतोडीची कमाई या बँकेत ठेवली होती. आणि होती योगिनी, बँकेनं तपासणीसाठी नेमलेली अकोल्याची मुलगी.

"पुन्हा औषध?" योगिनीनं विचारलं.

"कीड लागते ना, ताई," दौलतराव हसले. "आता आठ दिवस शटर उघडता येत नाही. आत गेला तो बाहेर येत नाही. चाला, चहा घेऊ. सह्या तिकडंच करू."

दर वेळी असंच व्हायचं. फवारणीत माणसं गमावलेला हा मुलूख. इथं विषाची थट्टा कोणी करत नाही, पाटी दिसली की पाऊल आपोआप मागं येतं. मारोतरावांचंही आलं. तेवढ्यात शटरखालच्या फटीतून एक मांजर सरपटत बाहेर आली. तोंडात पिल्लू. तिनं ते भिंतीच्या सावलीला ठेवलं, परत फटीतून आत गेली आणि दुसरं घेऊन आली.



"चेअरमनसाहेब," रतनसिंग म्हणाले, "मांजरीनं पाटी वाचली नाही वाटते."

दौलतरावांचं हसू तोंडावर होतं तसंच राहिलं, नुसते डोळे विझले. मारोतराव खाली बसले, हात टेकवून फटीला नाक लावलं. आतून जुन्या बारदानाचा आणि मांजरीच्या मुताचा वास आला. औषधाची उग्र घाण नव्हती. भरल्या गोदामाला येतो तसा सोयाबीनचा वासही नव्हता.

"चाबी मांगवा," ते उठत म्हणाले.

"चाबी मॅनेजरपाशी हाये. तो वाशीमले गेला."

"येऊ द्या त्याले. आमी बसतो."

दौलतरावांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना लिंबाच्या झाडाखाली नेलं. हात जड होता.

"इवाईबुवा, कायले आंगावर ओढून घेऊन राह्यले? आत काय हाये, काय नाही, तुमाले काय करा लागते? उद्या नवी उचल मंजूर झाली की सारं भरून निघते."

"आत सोयाबीनचे कट्टे नाहीत ना?"

"समोर दाखवायपुरती पोत्यायची एक थप्पी हाये. ते सोडा." दौलतरावांनी आवाज उतरवला. "सगळ्यात मोठी उचल कोनाच्या नावानं हाये, माहीत हाये? आपल्या निकिताच्या. मी म्हटलं, सूनबाई, इथं सही कर. तिनं केली. लय गुनाची पोरगी हाये."

"तिले माहीत होतं काय?"

"पोलीस हे इचारत नाहीत, इवाई." त्यांनी मारोतरावांच्या सदऱ्यावरची धूळ प्रेमानं झटकली. "सही करून द्या. दिवाळीले लेकीले माहेरी न्या."

मग दौलतराव गाडीत बसले. गाडी बँकेकडं न वळता किन्हीराजाच्या रस्त्याला लागली.

मारोतराव झाडाखालीच उभे राहिले. बापानं पाटी पाहून सह्या केल्या, लेकीनं सासऱ्याचं तोंड पाहून केली. दोघांनीही दार उघडून पाहिलं नाही.

ऊन कललं तरी चाबी आली नाही. ते योगिनीजवळ गेले.

"कमिटीची सही नसली तर काय होते?"

"हिशेब सभेपुढं जाणार नाही. उद्याचं नवं कर्जही अडेल. आणि मला वर कळवावं लागेल, काका."

"मंग लिव्हा. माल पाहू देला नाही, म्हनून सही नाही. आन आणखी एक. तारणावर माह्या लेकीचं नाव हाये. तेही लिव्हा, पैलं तेच. नातं हाये म्हनून मी आता कमिटीतून बाजूले होतो. पुढचं रतनसिंग पाह्यतीन."

योगिनीचा पेन थांबला. "काका, निकिताताई अडचणीत येतील."

"ते आलीच हाये. मी न सांगून सुटत असती, तं चूप बसलो असतो."

रतनसिंगांनी आपली पाण्याची बाटली पुढं केली. ती हातात घेतली तोच मारोतरावांच्या खिशातला फोन वाजला. निकिता होती.

"बाबा, मामंजी आले. संगं बँकेचा मॅनेजर हाये. एक कागद राह्यला म्हनतात, मांगच्या तारखेचा. सही करू काय?"

वाशीमला गेलेला मॅनेजर. मारोतरावांनी फोन कानावर घट्ट दाबला.

"नको करू, पोरी."

"काहून?" ती थांबली. मग आवाज एकदम बारीक झाला. "मामंजी समोरच उभे हायेत, बाबा."

"तं त्याह्यच्या समोरच नाही म्हन. मी निघालोच."

पलीकडून दौलतरावांचा आवाज आला, "मॅनेजर, दार लावून घ्या." फोन कोणी बंद केला नाही. मग दाराला आतून कडी लागल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला. रतनसिंगांनी आपली जीप सुरू केली होती. मारोतराव फोन कानाला धरूनच आत चढले.