पाचव्या टोल्याआधी

मित्रांनो, पत्र्याच्या पोटाचा आणि बकऱ्याच्या कातड्याचा मी एक म्हातारा ढोल. मखमलाबादला झेंडूच्या मळ्याशेजारी, बहिरूआबांच्या ओसरीवर राहतो. माझ्या तोंडावरच्या कातड्याला पान म्हणतात. दमट हवेत पान सैल पडलं की माझा आवाज बसतो. मग आबा मला उन्हात ठेवतात, न्हाऊन आलेल्या लेकराला बसवावं तसे.

आबांनी मला मिरवणुकीत वाजवलं, लग्नात वाजवलं, जत्रेत वाजवलं. माझा पट्टा त्यांच्या उतरत्या खांद्यावरून सारखा घसरतो. म्हणून चार टोले झाले की ते अर्धा श्वास थांबतात, पट्टा सावरतात आणि मग पाचवा टोला देतात. खरं तर ही खोडच. पण ‘पाटाचं पाणी’ या बँडचा गायक ज्ञानेश आमच्याकडे आला, तेव्हा म्हणाला, “आबा, ही अडखळ सोडू नका. लोक यावरच नाचतील.”

आणि नाचले की. आबांनी त्या बँडच्या पहिल्या अल्बमात मला वाजवलं, तेव्हापासून लोक त्या थांब्याला पाय उचलायचे आणि पाचव्या टोल्याला आपटायचे. आबांची नात वेदिका तर त्याच ठेक्यावर चालायला शिकली. तिची आई मंजुषा भाकरी थापतानाही याच बँडची गाणी लावते. आमच्या घराला तो बँड आपलाच वाटायचा.

गेल्या उन्हाळ्यात ज्ञानेश आवाज टिपायचं मशीन घेऊन आला. “आबा, एकेक टोला सुटा द्या. हलका, मोठा, काठावरचा. माइक तपासायचेत फक्त.” आबांनी दुपारभर टोले दिले. मीही जीव ओतला. “रेकॉर्डिंगला बोलावतो,” म्हणून तो गेला. आबांनी माझी दोरी बदलली, सदरा इस्त्री करून ठेवला. गणपती येऊन गेले. बोलावणं आलं नाही.

दसऱ्याला अल्बमच आला.

नवं गाणं आधी ढोलाला ऐकवायचं, मग माणसांनी ऐकायचं, असा आबांचा नेम. पूजा झाल्यावर मंजुषाने झेंडूची माळ बाजूला सारून मोबाइल माझ्या पानावर ठेवला. पहिलं गाणं गोड होतं, खोटं कशाला बोलू. ज्ञानेशचा गळा आणखी मोकळा झालाय. दुसऱ्या गाण्यात ढोल आला आणि माझं पान थरथरलं. आवाज माझाच होता, उन्हाळ्यातले तेच सुटे टोले मशीनने एकापुढे एक जोडलेले. पण या गाण्यात मी कधी वाजलोच नव्हतो.

वेदिका नाचायला उठली. चार टोले झाले, तिने पाय उचलला. पाय हवेत असतानाच पाचवा टोला येऊन गेला आणि ती धपकन खाली बसली. पुन्हा उठली, पुन्हा तेच.

“आबा, हे तुम्ही नाहीये. तुम्ही थांबता. हा थांबतच नाही.”

मंजुषा मोबाइलवर वादकांच्या नावांची यादी बघत राहिली. ढोलापुढे ज्ञानेशचं नाव होतं.

“लावू का त्याला फोन? चांगलं विचारते.”

“ऱ्हाऊ दे पोरी. सणाचा दिस हाय.”

तेवढ्यात त्याचाच फोन आला. “कसा वाटला, आबा? पुढच्या आठवड्यात नाशिकला कार्यक्रम आहे. या वयात तुम्हाला दगदग नको. ढोल तेवढा पाठवा, स्टेजवर मधोमध ठेवू. लोकांना बघायचाय.”

“ढोल लय बरोबर वाजलाय रं. एकदाबी चुकला नाय. म्हनून तर पोरीला कळलं.”

“टोला तुमचाच आहे की, आबा.”

“टोला माझाच हाय. मला इचारलं नाय तू.” आबांनी माझा पट्टा हातात घेतला. “आन् ढोल यायचा नाय. त्यो एकला कुठं जात नसतो.”

मित्रांनो, मशीनवर माझा राग नाही. मला लागलं ते हे, की माझ्याच आवाजाने माझ्या माणसाला गाण्याबाहेर ठेवलं. वाद्यांना ऊन दाखवा, त्यांच्या दोऱ्या ताणा. पण गाणं आवडलं तर ते कुणाच्या हाताचं आहे, हेही एकदा विचारा. हातालाही ऊब लागते.

फोन ठेवून आबांनी मला उचललं. चार टोले दिले. पट्टा घसरला. वेदिका पाय वर धरून उभी होती. आम्ही तिघंही थांबलो.