अकरा मिनिटांचा सोबती

मी एक जुना रबरी फुगा आहे. वाढदिवसाला टांगतात तो नव्हे. लिंबाएवढा माझा देह, मागे लांबलचक नळी. माझ्याबरोबर कारखान्यात जन्मलेले काही भाऊबंद गाड्यांचे भोंगे झाले आणि गावभर हिंडले. मी मात्र इस्पितळाच्या तळमजल्यावर, एमआरआयच्या खोलीत येऊन पडलो.

मित्रांनो, एमआरआय म्हणजे चुंबकाचं अवाढव्य यंत्र. शरीर न कापता ते आतली चित्रं काढतं. स्तनात गाठ आहे का हे बघायचं असलं की बाईला पालथं झोपवतात, हात डोक्यापुढे ताणतात आणि बजावतात, "हलायचं नाही." यंत्र स्वतः मात्र पत्र्यावर हातोडे पडावेत तसा गोंगाट करतं. हे सहन झालं नाही तर दाबायला तिच्या मुठीत मी. मला दाबलं की पलीकडच्या खोलीत घंटी वाजते आणि तपासणी थांबते.

तपासणी अठ्ठावीस मिनिटांची होती. पहिली पंधरा मिनिटं मला कोणी विचारत नसे. अठराव्या मिनिटापासून मात्र माझा गळा आवळला जाई. यंत्र चालवणाऱ्या ताई प्रत्येक घंटीची वेळ भिंतीवरच्या कागदावर टिपून ठेवत.

मला दाबणाऱ्यांत बस चालवणाऱ्या एक मावशी होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचा कर्करोग फार उशिरा कळला होता, म्हणून यांची तपासणी. पण खांदा आखडलेला. दोनदा आल्या आणि दोन्ही वेळा एकोणिसाव्या मिनिटाला त्यांनी मला दाबलं.

"अहो, मी बससुद्धा इतका वेळ न थांबता नेत नाही," त्या उठता उठता म्हणाल्या. "आता पुन्हा काही मी यायची नाही."

ताई तडक चित्रं वाचणाऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. यंत्र एकेका रेषेनं चित्र भरतं; तेव्हा काही चित्रं गाळायची, बाकीची कमी रेषांत घ्यायची, मधल्या जागा गणितानं भरायच्या. काम अकरा मिनिटांत होईल, असं ताईंचं म्हणणं.

"आणि गणितानं भरलेल्या जागेतच गाठ असली तर?" डॉक्टर म्हणाले. "घाईचं काम दोनदा करावं लागतं, ताई."

"अर्धवट राहिलेलं तीनदा, डॉक्टर."

मग तयार असलेल्या काही जणींची तपासणी दोन्ही रीतींनी झाली. कित्येकींच्या गाठी आधीच माहीत होत्या. कुठलं चित्र कुठल्या तपासणीचं हे सांगणारे शिक्के ताईंनी झाकले. डॉक्टरांना छोट्या तपासणीतही सगळ्या गाठी सापडल्या.

"हे बघा, हे लांब तपासणीचं. कसं लख्ख आहे!" ते एका चित्रावर बोट ठेवून म्हणाले.

ताईंनी शिक्का उघडा केला. चित्र अकरा मिनिटांचं होतं. लांब तपासणीत दमलेली बाई नकळत हलते आणि चित्र पुसट होतं, एवढीच त्यातली मेख. डॉक्टरांनी बराच वेळ चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

पुढे सगळ्यांची तपासणी अकरा मिनिटांचीच होऊ लागली आणि यंत्राचं कौतुक झालं. पाहुणे आले, त्याच्याबरोबर फोटो निघाले. मला मात्र आता कोणी दाबेना. रोज सकाळी ताई मला एकदा दाबून बघत, तेही राहून गेलं.

एके दिवशी ताईंनी मावशींना फोन करून गळ घातली, "एकदाच या. अकराच मिनिटं." मावशी आल्या. मला हातात घेऊन म्हणाल्या, "आधी हॉर्न वाजतो का बघू." त्यांनी मला दाबलं.

घंटी वाजली नाही. माझ्या नळीला चीर गेली होती.

"हॉर्नशिवाय मी डेपोतून गाडी काढत नाही," असं म्हणून मावशींनी चपला शोधायला सुरुवात केली.

ताई कानकोंड्या झाल्या. "चूक माझी आहे, मावशी. पाच मिनिटं द्या." त्यांनी नवी नळी आणून बसवली. मावशींनी मला तीनदा दाबलं, तिन्ही वेळा घंटी वाजली, तेव्हा कुठे त्या पालथ्या झोपल्या. नवव्या मिनिटाला त्यांची बोटं माझ्यावर आवळली. मी श्वास रोखला. बोटं तिथंच थांबली. अकरावं मिनिट संपलं.

गाठ निघाली. मसुराच्या दाण्याएवढी, वेळेत सापडलेली. उपचार झाले. मावशी पुन्हा बस चालवू लागल्या. दर वर्षी तपासणीला येतात आणि नमस्काराच्या आधी मला दाबून बघतात.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. यंत्राची स्तुती खुशाल करा. पण सकाळी कामाला लागण्यापूर्वी मला एकदा दाबून बघा. मी वाजतो हे ठाऊक असलं, की माणसं मला वाजवत नाहीत.