पाचवी चक्कर बिनब्रेकची

टायर फुटला तर रस्त्याचा दोष, इंजिन बसलं तर तेलाचा. पण गाडी थांबली नाही की दोष फक्त ब्रेक बसवणाऱ्याचा. चालवणाऱ्याच्या पायाला कोणी काही विचारत नाही.

मी नलू ठमके. दिग्रसला आर्णी रस्त्यावर माझं ब्रेक लायनर बसवायचं दुकान आहे. काम बापाकडून शिकले. कापसाने भरलेले ट्रक घाट उतरायचे ते माझ्या हातच्या लायनरच्या भरवशावर. बापाने एक नियम घालून दिला होता : लायनर ज्याने बसवलं, त्याने पहिली उतरण त्याच गाडीत बसून उतरायची. म्हणून मी गाडी चालवायलाही शिकले. दुसऱ्याच्या पायावर माझा जीव कशाला टाकू?

ही गोष्ट २००६च्या हिवाळ्यातली. कापसाचं मातेरं झालं होतं, आणि आमच्या जिल्ह्यात पाहुण्यांचा सुकाळ होता. कॅमेरे घेऊन यायचे, सगळ्यांना रडणारी बाई हवी असायची. एकाने मलाही गाठलं. मी त्याच्या जीपचे ब्रेक पाहिले आणि म्हटलं, "भाऊ, माह्यं सोड. तू यवतमाळपावतर कसा जातं थे पाह्य."

ट्रक कमी झाले तशी माझ्या नवऱ्याची, मारोतीची, वीस वर्षांची ड्रायव्हरकी सुटली. तो दुकानात येऊन बसायचा. पाने उचलायचा, पुसायचा, परत ठेवायचा. काम सांगितलं तर राग, नाही सांगितलं तर जास्त राग.

त्यातच एक बंद सूतगिरणी नागपूरच्या मोटार क्लबने चार दिवसांसाठी भाड्याने घेतली. ज्या आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागायची, तिथे आता मोटारी पळणार होत्या. एकेक गाडी घड्याळ लावून सोडायची, कोण किती वेळात चक्कर मारतो ते पाहायचं. वळणांवर भिंतीच्या आधी वाळलेल्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या काड्यांच्या, मोळ्या रचल्या होत्या. कोणी चुकलाच तर गवत-काडीत जाईल, भिंतीत नाही.

यवतमाळच्या वकिलाचा मुलगा पियूष त्याची छोटी मोटार घेऊन माझ्याकडे आला. हातात एक चकचकीत डबी.

"काकू, एकदम रेसचे पॅड आहेत. पुण्याहून मागवले. हेच लावून द्या."

"हे तापल्याबिगर पकडत नाहीत, बाबू. तुही चक्कर केवढी?"

"सात-आठशे मीटर."

"मंग पयल्याच वळणाले तू भितीत जाशीन, आन् पॅड मांगून तापत बसतीन."

तो हसला. "मग आहेत तेच राहू देऊ?"

"थे बाजारहाटाले ठीक. चार खेपा जोरानं दाबले का भाजून गुळगुळीत होतात. मंग पाय दाब नाहीतं नोको दाबू, सारखंच."

मी त्याला घाटातल्या टॅक्सीवाल्यांचे कडक पॅड दिले, लोखंडाचा चुरा मिसळलेले. हे गार असतानाही पकडतात आणि तापल्यावरही दम धरतात. आवाज करतात आणि चाकाबरोबर फिरणारी डिस्कची तबकडी झिजवतात, पण फुकट काहीच मिळत नाही. तबकड्याही नव्या घातल्या. जुनं ब्रेक ऑइल काढून टाकलं, कारण ते हवेतलं पाणी पितं आणि तापलं की उकळतं. मग पेडल पायाखाली पोकळ होतं. शेवटी बापाच्या नियमाप्रमाणे गाडी मीच आर्णी रस्त्यावर नेली. साठवरून वीसवर, पुन्हा साठवरून वीसवर, असं पंधरा वेळा, पूर्ण न थांबता. पॅड आणि तबकडीची अशी ओळख करून द्यावी लागते.

गाडी देताना पियूषला बजावलं. "चार चकरा जोरात, पाचवी बिनब्रेकची. चाकाले हवा लागू दे. आत आला का हँडब्रेक वढू नोको, पायही पेडलवर ठेवू नोको. चाकाखाली वीट लाव."

"इतकं?"

"इतकंच."

रेसच्या दिवशी मी आणि मारोती दोघंही गेलो. मी मेकॅनिक म्हणून, तो नुसताच. गिरणीच्या भिंतीवर दिग्रसचे दहा-बारा ट्रक ड्रायव्हर पाय सोडून बसले होते. सगळी माझीच गिऱ्हाइकं.

पियूषची पहिली फेरी, सांगितल्याप्रमाणे पाच चकरांची, छान झाली. मी पॅड मोजले, जेमतेम झिजले होते. मग मी गेटपाशी चहा प्यायला गेले. माझी चूक एवढीच.

परत आले तेव्हा पियूष तिसऱ्या फेरीला निघालाही होता. दुसऱ्याच चकरेत गोदामाच्या वळणावर त्याची गाडी थांबलीच नाही. सरळ पऱ्हाटीत घुसली. पोराला खरचटलंसुद्धा नाही. उतरून थेट माझ्याकडे आला. "पेडल खाली गेलं, काकू. एकदम खाली."

क्लबचा चारुदत्त तपासनीस होता. हातात माईक, बगलेत कागद. गाडीखाली वाकूनही न पाहता त्याने माईकवर सांगून टाकलं, "गाडी क्रमांक सात बाद. स्थानिक पातळीवर बसवलेले ब्रेक पॅड निकामी."

भिंतीवरचे ड्रायव्हर एकमेकांकडे पाहू लागले. त्यांतल्या प्रत्येकाच्या ट्रकखाली माझं लायनर होतं. त्या एका वाक्यावर माझं दुकान बंद पडणार होतं, हे मला तिथेच कळलं.

मी जाऊन म्हटलं, "सायेब, पॅड पाह्यले का तुमी?"

तो फार गोड बोलला. "बाई, तुमचा दोष नाही हो. तुमच्याकडे सोयी नाहीत. या भागाची परिस्थिती आम्हाला माहीत आहे."

परिस्थिती! माझ्या डोक्यात तिडीक गेली. कापूस बुडाला म्हणून माझ्या हाताची पकडही बुडाली असं कोण म्हणतो? शिवी दिली असती तर चाललं असतं. ही दया मला नको होती.

मी जॅक लावला, चाक काढलं, पॅड बाहेर काढून त्याच्यासमोर धरले. निम्म्याहून जास्त शाबूत. तडा नाही, सुटलेलं नाही. मग तबकडीला पेचकस टेकवून ती हाताने फिरवली. अर्ध्या फेऱ्यात खरखर, अर्ध्या फेऱ्यात काहीच नाही. तबकडी वाकली होती. वर पॅडच्या आकाराचा निळा डाग होता.

"पियूष, दुसऱ्या फेरीत किती चकरा?"

"नऊ," तो म्हणाला.

"थंडी चक्कर, बिनब्रेकची?"

त्याने मान खाली घातली. "फोटो काढत होते, काकू. थेट आत आलो. उतार होता म्हणून पाय पेडलवरच ठेवला."

तापलेले पॅड एकाच जागी दाबून राहिले म्हणून डाग, हवा लागली नाही म्हणून उकळलेलं तेल, एवढं त्यावरून समजलं. पण वाकली कशाने? मी गाडी उभी होती त्या जागी गेले. दोन्ही पुढच्या चाकांच्या जागी चिखल. डिसेंबरात चिखल.

मारोती माझ्या मागे येऊन उभा होता. हळूच म्हणाला, "म्या टाकलं पानी. धूर निघून राह्यलता."

घाट उतरला की ट्रकवाले चाकावर कॅनभर पाणी ओततात. वाफ निघते, ड्रायव्हर बिडी पेटवतो. वीस वर्षांची सवय. ट्रकचा जाडजूड ड्रम ते कसंबसं सोसतो, मोटारीची पातळ तबकडी नाही सोसत. कितीतरी महिन्यांनी त्या माणसाला काहीतरी करण्यासारखं दिसलं होतं, आणि त्याने धावत जाऊन बादली आणली होती.

गिळून टाकावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण मग पॅड निकामीच राहिले असते. तोवर मी चारचौघांत नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. तेव्हा घेतलं, भिंतीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"पानी मारोतीनं टाकलं. माह्या नवऱ्यानं. तबकडी त्यानं वाकली. तेल पियूषनं उकळवलं. पॅडनं काही केलं नाही."

मारोतीचा चेहरा काळवंडला. मी पाहिलं आणि नजर वळवली.

चारुदत्त म्हणाला, "हे तुम्ही म्हणता. पुरावा काय?"

"अर्धा तास द्या. हेच पॅड. चालवीन मी."

"आणि पुन्हा पेडल गेलं तर?"

"तं मले लागीन. आन् तुमाले. निकाल लिवणारा बाजूले बसीन."

भिंतीवरून कोणीतरी शिट्टी मारली. आता चारुदत्तला नाही म्हणता येईना.

पियूषच्या जुन्या तबकड्या, थोड्या झिजलेल्या पण सरळ, मी सोबत आणल्या होत्या. त्या चढवल्या. पॅडचा वरचा भाजलेला थर काचकागदाने घासून काढला. राहिलं तेल. ते बदलायला एकाने खाली पेच सोडावा लागतो, दुसऱ्याने आत बसून पेडल दाबावं लागतं. मी कोणालाच हाक मारली नाही. मारोती आपणहून आत जाऊन बसला.

"दाबा."

"दाबलं."

"धरा... सोडा."

वीस मिनिटं आमच्यात एवढंच बोलणं झालं. मला त्याचा फक्त पाय दिसत होता. एकदाही घाईने सुटला नाही.

मग चारुदत्त माझ्या बाजूला बसला, पट्टा दोनदा ओढून पाहिला. पहिल्या दोन चकरा मी पॅड हलकेच तापवले. मग सोडली गाडी. गोदामाच्या वळणाआधी पियूष ज्या खांबापाशी ब्रेक दाबायचा, तो खांब गेला.

"ब्रेक! बाई, ब्रेक!"

"हो हो," मी म्हटलं आणि अजून एक गाडीभर अंतर जाऊन दाबला. चारुदत्त पट्ट्यात लटकला. गाडी वळली, पऱ्हाटीची एक काडी हलली नाही.

पियूषने मारल्या तेवढ्याच नऊ चकरा मारल्या. सातव्या चकरेत पेडल बोटभर खाली गेलं, खोटं सांगणार नाही. पकड मात्र तीच होती. मला भीती वाटली का? वाटली. पण त्या "परिस्थिती"ची चीड जास्त होती. दहावी चक्कर बिनब्रेकची, संथ. चारुदत्तने तेवढ्यात घाम पुसून घेतला.

उतरल्यावर त्याने "पॅड निकामी" खोडलं आणि लिहिलेलं माईकवर वाचून दाखवलं. "पॅड सुस्थितीत. चालकाने थंड चक्कर घेतली नाही. एका स्थानिक इसमाने तापलेल्या तबकडीवर पाणी टाकले."

"थांबा," मारोती म्हणाला.

तो गर्दीतून पुढे आला. माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटलं, आता हा चारचौघांत मला काहीतरी सुनावणार.

"इसम नोको. मारोती कवडू ठमके लिवा. वीस वर्सं ट्रक चालवला, तरी अक्कल नाही आली, असंही लिवा पाह्यजे तं."

लोक हसले. मारोती हसला नाही.

"आन् पॅड कोणं बसवले, थे काहून नाही लिवलं?"

"त्याची गरज नसते," चारुदत्त म्हणाला.

"निकामी होते तवा सांगतलं ना, स्थानिक म्हणून? आता चांगले निघाले तं नाव सांगा. नलू ठमके. भितीवर ड्रायव्हर बसले, त्याईले आयकू गेलं पाह्यजे."

चारुदत्तने माईक तोंडाशी धरला आणि माझं नाव घेतलं. मारोती भिंतीकडे पाहत तसाच उभा राहिला.

"जोरानं," तो म्हणाला, "आजून एक डाव."